लॅपटॉपच्या ग्राफिक्स ड्रायव्हर फाइलमध्ये नवीन रिझोल्युशन घालणं: नेहमी विचारले जाणारे प्रश्न

घरच्यांचे, मित्रांचे, मित्रांच्या मेव्हण्यांचे लॅपटॉप बघता बघता तेच तेच प्रश्न इतक्यांदा आले की एकदाचं सगळं लिहून टाकतोय. बहुतेक उदाहरणं विंडोज आणि इंटेल ग्राफिक्सची आहेत कारण माझे हात त्यातच जास्त काळे झालेत. एनव्हिडिया, एएमडी, लिनक्स यांचं खाली थोडक्यात आहे. आणि हो, फाइलींची आणि सेटिंगची नावं मी इथे देवनागरीत लिहिलीत, प्रत्यक्ष शोधताना इंग्रजी स्पेलिंग टाका नाहीतर शोधत बसाल.

मला हवं ते रिझोल्युशन लिस्टमध्येच नाहीये. आयएनएफ फाइल (ड्रायव्हरची, म्हणजे ग्राफिक्स चिप चालवणाऱ्या सॉफ्टवेअरची, टेक्स्ट फाइल) उघडू का?

थांबा. आधी डिव्हाइस मॅनेजर उघडा आणि डिस्प्ले अडॅप्टर्सखाली काय नाव आहे ते बघा. तिथे "मायक्रोसॉफ्ट बेसिक डिस्प्ले अडॅप्टर" असं दिसत असेल तर तुमच्याकडे ग्राफिक्स ड्रायव्हरच नाहीये, विंडोजने कामचलाऊ काहीतरी लावून दिलंय. नवीन विंडोज टाकल्यावर "स्क्रीन फाटल्यासारखी दिसते, सगळं मोठ्ठं दिसतं" म्हणून जे फोन येतात त्यातले निम्मे इथेच संपतात. लॅपटॉप कंपनीच्या साइटवरून आपल्या मॉडेलचा ड्रायव्हर टाका, रीस्टार्ट करा, मग बोलू.

पण ही लिस्ट येते कुठून?

हे एकदा नीट समजून घ्या, मग पुढचं सगळं सोपं जातं. प्रत्येक पॅनेलमध्ये (लॅपटॉपच्या स्क्रीनमध्ये) किंवा मॉनिटरमध्ये एक छोटी चिप असते, तिच्यात निदान १२८ बाइटची माहिती असते, तिला ईडीआयडी म्हणतात. व्हेसा या संस्थेने हे १९९४ मध्ये आणलं. मी कोण, माझा आकार किती, मला कुठली टायमिंग (ठिपके आणि ओळी कुठल्या वेगाने पाठवायच्या ते आकडे) चालतात, हे त्यात असतं. ड्रायव्हर ते वाचतो, त्यात स्वतःच्या पदरचे काही मोड (रिझोल्युशन आणि सेकंदाला किती वेळा चित्र काढायचं याची जोडी) घालतो, पोर्टला झेपणार नाहीत ते काढतो, आणि उरलेली लिस्ट विंडोजला देतो. म्हणजे लिस्ट चुकायला तीन जागा आहेत: ईडीआयडी चुकीचा, ईडीआयडी पोचलाच नाही, किंवा ड्रायव्हरने मोड गाळला. आयएनएफमध्ये हात घालणं हे मुख्यतः दुसऱ्या आणि तिसऱ्या दुखण्यावरचं औषध आहे, आणि तेही आधी साधे उपाय करून झाल्यावरच.

माझीच फजिती सांगतो. लॅमिंग्टन रोडवरून एक सेकंडहँड मॉनिटर आणला होता, व्हीजीए केबलसकट. लॅपटॉपला लावला तर १०२४ बाय ७६८ च्या वर काही जाईना. मी दोन रात्री आयएनएफमध्ये बाइट मोजत बसलो, ओळी घातल्या, काढल्या, ड्रायव्हर सहा वेळा टाकला. शेवटी केबल काढून सहज टोकाकडे बघितलं तर खालच्या रांगेतली एक पिन आडवी झोपलेली, बारा नंबरची. व्हीजीएमध्ये ईडीआयडी वाचायचं काम १२ आणि १५ नंबरच्या पिना करतात. चिमट्याने सरळ केली आणि दोन सेकंदात लिस्ट पूर्ण. तेव्हापासून मी आधी केबल बदलून बघतो, मग कन्व्हर्टर काढून बघतो, आणि मगच फाइलींकडे जातो. स्वस्तातले एचडीएमआय ते व्हीजीए कन्व्हर्टर आणि एका मॉनिटरला दोन कॉम्प्युटर जोडणारे स्विच हेही ईडीआयडी गिळून बसण्यात पटाईत असतात.

माझा पॅनेल १३६६ बाय ७६८ आहे. ड्रायव्हर बदलून त्यावर फुल एचडी येईल का?

चित्र येईल, फुल एचडी येणार नाही. १३६६ गुणिले ७६८ म्हणजे साधारण साडेदहा लाख ठिपके, आणि १९२० गुणिले १०८० म्हणजे पावणेएकवीस लाख. काचेवर जे ठिपके नाहीतच ते फाइल कुठून आणणार. ग्राफिक्स चिप मोठं चित्र बनवून दाबून बसवते एवढंच होतं, जागा जास्त मिळाल्यासारखी वाटते पण अक्षर पिठूळ होतं. इंग्रजी अजून वाचता तरी येतं, आपलं मराठी मात्र पार वाट लागते, अनुस्वार आणि रफार एकमेकांत मिसळतात, "ष" आणि "प" सारखेच दिसायला लागतात. ज्यांना एक्सेलचे कॉलम जास्त बघायचे असतात त्यांना मी सरळ सांगतो की स्केलिंग १०० टक्क्यांवर आणा, झूम कमी करा, तेच काम होतं.

मग नेटबुकवर १०२४ बाय ६०० चं १०२४ बाय ७६८ करतात ते काय असतं?

तेच दाबून बसवणं, फक्त तिथे त्याला कारण होतं. ऑक्टोबर २०१२ मध्ये विंडोज ८ आलं आणि त्याच्या स्टोअरमधली अॅप्स १०२४ बाय ७६८ पेक्षा कमी रिझोल्युशनवर उघडायचीच नाहीत. आणि त्या काळी घरोघरी जी दहा इंची, इंटेलच्या अॅटम प्रोसेसरची छोटी मशिनं (नेटबुक) होती त्यांची स्क्रीन १०२४ बाय ६००. माझ्याकडेही एक होतं, एन२७० प्रोसेसर आणि जीएमए ९५० ग्राफिक्स, अजून चालतंय, बाबा त्यावर पत्ते खेळतात.

यासाठी आयएनएफ बदलायची गरजच नाही, रजिस्ट्रीत (विंडोज आपली सेटिंग जिथे साठवतं तिथे) एक आकडा बदलायचा. रेजएडिट उघडा, सर्वात वर क्लिक करून शोधमध्ये "डिस्प्ले१_डाउनस्केलिंगसपोर्टेड" टाका (मधे अंडरस्कोर, बाकी सगळं जोडून, आणि इंग्रजीत). व्हॅल्यू ० असते ती १ करा, मग एफ३ दाबून पुढची शोधा कारण हे नाव बऱ्याचदा दोन-चार ठिकाणी असतं आणि सगळीकडे बदलायला लागतं, लोक पहिली बदलून थांबतात आणि मग म्हणतात चालत नाही. रीस्टार्ट केल्यावर १०२४ बाय ७६८ आणि ११५२ बाय ८६४ लिस्टमध्ये यायला हवेत. रुंदी तीच आणि ७६८ ओळी ६०० मध्ये, म्हणजे गोल चेंडू पोहे खाल्ल्यासारखा बसका दिसणार, ते गृहीत धरा. शोधून ते नावच सापडलं नाही तर तुमचा चिपसेट किंवा ड्रायव्हर वेगळा आहे. पुढच्या एन२६०० वगैरे अॅटममध्ये ग्राफिक्स इंटेलचं स्वतःचं नव्हतं, पॉवरव्हीआरचं होतं, तिथे जीएमए ९५० च्या टिपा लावत बसू नका.

बरं, आयएनएफमध्ये नक्की काय असतं?

साधी टेक्स्ट फाइल आहे, नोटपॅडमध्ये उघडते. ड्रायव्हर कुठल्या कार्डासाठी आहे, कुठल्या फाइली कुठे कॉपी करायच्या आणि रजिस्ट्रीत काय लिहायचं, एवढं तीत असतं. आपला संबंध शेवटच्या भागाशी. "एचकेआर" ने सुरू होणाऱ्या ओळी म्हणजे रजिस्ट्रीत जाणाऱ्या व्हॅल्यू. इंटेलच्या जुन्या फाइलींमध्ये "टोटलडीटीडीकाउंट" नावाची एक ओळ आणि तिच्याखाली "डीटीडी_१", "डीटीडी_२" अशा ओळी दिसतील. डीटीडी म्हणजे एका रिझोल्युशनचं पूर्ण टायमिंग, १८ बाइटमध्ये, ईडीआयडीत असतं त्याच साच्यातलं, आणि शेवटी इंटेलचे स्वतःचे दोन बाइट.

गंमत अशी की फाइलमध्ये हा तुकडा एकदा नसतो, प्रत्येक चिप आणि प्रत्येक विंडोजच्या सेक्शनमध्ये पुन्हा पुन्हा असतो. तुमचा कुठला ते ओळखायला डिव्हाइस मॅनेजरमध्ये कार्डाच्या प्रॉपर्टीज, डिटेल्स, हार्डवेअर आयडी. त्यात व्हेंडर ८०८६ म्हणजे इंटेल, १०डीई म्हणजे एनव्हिडिया, १००२ म्हणजे एएमडी. पुढचा डिव्हाइस नंबर, समजा ०१६६, म्हणजे लॅपटॉपवालं एचडी ४०००. तो नंबर आयएनएफमध्ये शोधा, त्या ओळीत सेक्शनचं नाव मिळेल, त्या सेक्शनमध्ये "अॅडरेज" समोर ज्यांची नावं आहेत ते तुकडे तुमचे. बाकीच्यांना हात लावू नका, कंटाळा आला म्हणून सगळीकडे रिप्लेस ऑल तर अजिबात नको.

ते १८ बाइट बनवायचे कसे? मला हेक्स (१६ च्या पायाचे आकडे, ९ नंतर ए ते एफ) येत नाही.

येतं हो, विंडोजचा कॅल्क्युलेटर प्रोग्रामर मोडवर टाका. १३६६ बाय ७६८ चंच उदाहरण घेऊ, कारण जुन्या टीव्हींवर हाच मोड सगळ्यात जास्त गायब असतो. त्यामागेही कारण आहे, ईडीआयडीच्या छोट्या दोन-दोन बाइटच्या नोंदीत रुंदी आठच्या पटीतच लिहिता येते आणि १३६६ ला आठने भाग जात नाही, म्हणून टीव्ही १३६० सांगतो नाहीतर १३६८, आणि कडेला काळी फट राहते नाहीतर अक्षरं किंचित धुरकट.

व्हेसाच्या टायमिंगप्रमाणे याचा पिक्सेल क्लॉक (सेकंदाला किती ठिपके पाठवायचे तो वेग) ८५.५ मेगाहर्ट्झ. क्लॉक १० किलोहर्ट्झच्या मापात लिहायचा म्हणजे ८५५०, हेक्समध्ये २१६६, आणि बाइट उलट क्रमाने म्हणून ६६ २१. झाले पहिले दोन. आता रुंदी १३६६, हेक्समध्ये ५५६. आडवं ब्लँकिंग, म्हणजे ओळ संपल्यावरची रिकामी जागा, ४२६, हेक्समध्ये १एए. यांचे शेवटचे दोन-दोन आकडे आधी येतात, ५६ आणि एए, आणि दोघांचे पुढचे उरलेले आकडे एकत्र चिकटवून ५१. तसंच उभं: ७६८ म्हणजे ३००, ब्लँकिंग ३० म्हणजे १ई, म्हणून ०० १ई ३०. मग सिंकचे (नवी ओळ किंवा नवं चित्र सुरू करायच्या इशाऱ्याचे) आकडे: ओळ संपल्यावर ७० पिक्सेल थांबून १४३ पिक्सेलचा सिंक, म्हणजे ४६ ८एफ, आणि उभ्यात ३ आणि ३ म्हणून ३३, मग एक ००. पुढे स्क्रीनचा मिलिमीटरमधला आकार तीन बाइट आणि बॉर्डर दोन बाइट, पाचही ०० ठेवले तरी चालतं. अठरावा बाइट १ई, म्हणजे सिंक डिजिटल आणि दोन्ही पॉझिटिव्ह.

सलग असं: ६६ २१ ५६ एए ५१ ०० १ई ३० ४६ ८एफ ३३ ०० ०० ०० ०० ०० ०० १ई. फाइलमध्ये मधे स्वल्पविराम येतात. मागचे इंटेलचे दोन बाइट आधीच्या डीटीडी ओळींमध्ये जे असतील तेच कॉपी करा, माझ्या फाइलमध्ये ३७ ०१ होते. आणि टोटलडीटीडीकाउंट एकने वाढवायला विसरू नका, ओळ घातली आणि काउंट तोच ठेवला तर ड्रायव्हर तुमच्या ओळीकडे ढुंकूनही बघत नाही.

पडताळा घ्यायचा तर १३६६ अधिक ४२६ म्हणजे १७९२, ७६८ अधिक ३० म्हणजे ७९८, साडेआठ कोटी पन्नास हजाराला... नाही, चुकलं, आठ कोटी पंचावन्न लाखाला या दोघांच्या गुणाकाराने भागा, ५९.७९ येतं, म्हणजे आपले ६० हर्ट्झ. तुमचं उत्तर ४३ किंवा ११२ आलं तर कुठेतरी बाइट उलटसुलट झालेत, ड्रायव्हर टाकायच्या आधीच कळलं.

फाइल बदलून सेव्ह केली, आता इन्स्टॉल होत नाही, सही (कंपनीची डिजिटल खूण) नाही म्हणतंय.

होणारच. ड्रायव्हरसोबत एक कॅटलॉग फाइल असते, तीत बाकीच्या फाइलींचे ठसे असतात. आयएनएफमध्ये एक स्पेस जरी वाढवली तरी ठसा जुळत नाही आणि ६४ बिट विंडोज तो ड्रायव्हर घ्यायला नकार देतं. विंडोज ७ मध्ये चालू होताना एफ८ दाबून सही तपासणी त्या वेळेपुरती बंद करता येते. ८, १० आणि ११ मध्ये शिफ्ट दाबून रीस्टार्ट, मग ट्रबलशूट, अॅडव्हान्स्ड ऑप्शन्स, स्टार्टअप सेटिंग्ज, रीस्टार्ट, आणि समोर यादी आली की ७ दाबा. पुढच्या रीस्टार्टला तपासणी आपोआप परत चालू होते, पण तोवर ड्रायव्हर बसलेला असतो आणि त्याच्या मूळ सिस फाइलला (खरा ड्रायव्हर तोच) आपण हात लावलेला नसल्यामुळे तो सहसा चालत राहतो.

टेस्ट साइनिंग (कंपनीच्या सहीऐवजी चाचणीची सही चालवून घेण्याची सोय) कायमचं चालू करा असाही सल्ला मिळेल. त्यासाठी सिक्युअर बूट (मशीन चालू होतानाची सहीची तपासणी) बंद करावं लागतं, कोपऱ्यात टेस्ट मोडची पाटी लागते, आणि एका रिझोल्युशनसाठी घराचं दार उघडं ठेवून झोपल्यासारखं आहे. मी करत नाही.

आणि हे करायच्या आधी बिटलॉकर (विंडोजचं डिस्कला लावायचं कुलूप) चालू आहे का बघा! चालू असेल तर बूटमध्ये असली लुडबुड केल्यावर ४८ आकडी रिकव्हरी की मागू शकतो, ती आधी फोनमध्ये फोटो काढून ठेवा. ऑफिसचा लॅपटॉप असेल तर हे पान बंद करा आणि आयटीवाल्यांना चहा पाजा.

सेटअप चालवला तर "हा ड्रायव्हर या कॉम्प्युटरसाठी नाही" असं येतं.

सेटअप चालवूच नका. डिव्हाइस मॅनेजरमध्ये कार्डावर राइट क्लिक, अपडेट ड्रायव्हर, कॉम्प्युटरमधून शोधा, मग लिस्टमधून मी निवडतो, मग हॅव डिस्क, आणि तुमची बदललेली आयएनएफ दाखवा. लाल रंगाची धमकी येईल, तरीही इन्स्टॉल करा म्हणा. आणि विंडोज फोल्डरमधल्या आयएनएफ फोल्डरात जाऊन तिथली "ओईएम" नंबरवाली फाइल बदलू नका, ती नुसती प्रत आहे, तिथे बदलून काहीही होत नाही, फक्त गोंधळ वाढतो.

स्क्रीन काळी झाली!!

घाबरू नका, १५ सेकंद काहीही न दाबता बसा. सेटिंगमधून मोड बदलला असेल आणि तुम्ही "कीप चेंजेस" दाबलं नसेल तर विंडोज स्वतःच मागे येतं. घाईत काहीतरी दाबणारेच फसतात. तसं झालं असेल तर दुसरा मॉनिटर किंवा टीव्ही जोडून बघा, नाहीतर सेफ मोडमध्ये जा आणि ड्रायव्हर रोल बॅक करा किंवा काढून टाका. चुकीच्या टायमिंगने आताची एलसीडी सहसा नुसती काळी होते किंवा "आउट ऑफ रेंज" म्हणते, जुन्या पिक्चर ट्यूबच्या मॉनिटरांना मात्र चुकीचा सिंक खरंच बाधायचा. तरी पॅनेल चमकायला लागला, रेघा आल्या, तर बघत बसू नका, लगेच परत या.

एनव्हिडिया किंवा एएमडी असेल तर?

जुन्या एनव्हिडिया आयएनएफमध्ये "एनव्ही_मोड्स" नावाची लांबलचक ओळ असते, त्यात रिझोल्युशनं सरळ वाचता येतील अशी लिहिलेली असतात, त्यातच आपलं घालायचं. जुन्या एएमडीत "डाल नॉनस्टँडर्ड मोड्स बीसीडी" अशा नावाची व्हॅल्यू असते आणि ती फार गोड आहे, हेक्स वगैरे काही नाही, १३६६ बाय ७६८ हवं तर १३,६६,०७,६८ आणि पुढे ००,००,००,६० असे आकडे जसेच्या तसे. पण एक लक्षात घ्या, दोन ग्राफिक्सवाल्या बऱ्याच लॅपटॉपमध्ये स्क्रीनची वायर इंटेलच्या चिपला जोडलेली असते, एनव्हिडिया नुसतं मागे राबतं. म्हणून त्यांच्या कंट्रोल पॅनेलमध्ये डिस्प्लेचा भागच दिसत नाही, आणि त्याची आयएनएफ बदलून त्या स्क्रीनवर ढिम्म फरक पडत नाही.

आयएनएफ न बदलता सोपा मार्ग नाहीच का?

आहे, आणि आजच्या तारखेला दहातल्या नऊ जणांनी तोच घ्यावा. इंटेलच्या स्वतःच्या ग्राफिक्स अॅपमध्ये कस्टम रिझोल्युशनची सोय असते, आधी ती बघा. नाही जमलं तर कस्टम रिझोल्युशन युटिलिटी, म्हणजे सीआरयू, हा फुकटचा छोटा प्रोग्रॅम. तो ड्रायव्हरला हातच लावत नाही, रजिस्ट्रीत त्या मॉनिटरच्या नावाने बदललेला ईडीआयडी ठेवतो आणि ड्रायव्हर खऱ्याऐवजी तो वाचतो. सहीचा प्रश्न नाही, आणि चुकलं तर सेफ मोडमध्ये जाऊन त्याच्यासोबतची "रीसेट ऑल" फाइल चालवली की झालं. ही पळवाट नाही, ईडीआयडी असा ओव्हरराइड करायची सोय मायक्रोसॉफ्टनेच दिलेली आहे. मी आयएनएफचा एवढा पुराणपाठ लावला तो जुन्या मशिनांसाठी, जिथे ड्रायव्हर ओव्हरराइडला जुमानत नाही.

४के टीव्ही जोडलाय, ३० हर्ट्झच येतात. ६० ची ओळ घालू?

लॅपटॉपचा पोर्ट एचडीएमआय १.४ असेल तर नाही. त्याची मर्यादा ३४० मेगाहर्ट्झ, ४के ३० ला २९७ लागतात आणि ६० ला ५९४. पाइपच अर्ध्या इंची आहे, नळ बदलून काय होणार. डिस्प्लेपोर्ट किंवा तसा टाइप सी पोर्ट असेल तर त्यातून प्रयत्न करा.

स्क्रीन ६० ची ७५ हर्ट्झ करता येते म्हणे?

काही पॅनेल झेपवतात, काही नाही, आणि एकाच मॉडेलच्या दोन लॅपटॉपमध्येही फरक पडतो. सीआरयूने दोन-दोन, तीन-तीनने वाढवत न्या, प्रत्येक वेळी एखादा सरकणारा व्हिडिओ बघा. फ्रेम गळायला लागल्या की नुसता आकडा वाढलाय, फायदा काही नाही.

लिनक्सवर?

तिथे मजा आहे, फाइल बदलायचीच नाही. टर्मिनलमध्ये सीव्हीटी कमांडला रुंदी, उंची, हर्ट्झ द्या, ती मोडलाइन (टायमिंगच्या आकड्यांची एक ओळ) काढून देते, ती एक्सरँडर या कमांडच्या न्यूमोडला द्यायची, मग अॅडमोड, मग लावायचा. १३६६ दिलं तर सीव्हीटी गुपचूप १३६८ करून देते, तीच आठच्या पाढ्याची भानगड, तेव्हा वरचे आकडे हाताने टाका: ८५.५, मग १३६६ १४३६ १५७९ १७९२, मग ७६८ ७७१ ७७४ ७९८. रीस्टार्टला हे जातं, म्हणून लॉगिनच्या स्क्रिप्टमध्ये घाला. वेलँडवर (लिनक्सची स्क्रीन चालवायची नवी पद्धत) एक्सरँडरचं चालत नाही, तिथे सहसा ईडीआयडीची फाइल फर्मवेअर फोल्डरात ठेवून कर्नलला बूटच्या वेळी तिचा पत्ता द्यावा लागतो.

सगळं जमलं, महिनाभर चाललं, आणि आज रिझोल्युशन परत गायब.

विंडोज अपडेटने नवीन ड्रायव्हर टाकला. डिव्हाइस मॅनेजरमध्ये ड्रायव्हरची तारीख बघा, बदललेली दिसेल. रोल बॅक चालत असेल तर करा, नसेल तर बदललेली फाइल परत बसवा. म्हणूनच ती फाइल, मूळ ड्रायव्हरचं पूर्ण फोल्डर आणि कुठली ओळ कुठे घातली याची चार ओळींची नोंद पेनड्राइव्हवर ठेवा. माझा पेनड्राइव्ह त्या नेटबुकच्या बॅगेतच असतो, बाबांचे पत्ते बंद पडले की पाच मिनिटांत फोन येतो.